आंदणाची मुंबई आणि राजाचा स्पॅनियल



इतिहासाच्या तासाला हमखास हशा पिकवणारं एक वाक्य होतं. "१६६१ च्या तहानुसार पोर्तुगिजांनी मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं." मागच्या बाकावरून "बाई, अख्खी मुंबई हुंड्यात?" असा आवाज यायचाच. मग मी खाडीकडे बोट दाखवून सांगायची, की बाबांनो, तेव्हाची मुंबई म्हणजे चार नारळाची झाडं, मिठागरं आणि चिखल. त्यापेक्षा पलीकडच्या किनाऱ्यावरचं आपलं पनवेल बंदर बरं होतं! पोरं खूश व्हायची. (पनवेलकरांना मुंबईला कमी लेखायची संधी एरवी मिळते कुठे?)

पुढे मग ठरलेली सनावळी. राजा दुसरा चार्ल्स, राणी ब्रागांझाची कॅथरीन, १६६२ मध्ये लग्न, १६६५ मध्ये बेटाचा ताबा, १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली. फळ्यावर लिहायचं, पुसायचं, पुढच्या वर्षी परत लिहायचं.

या राजाच्या कुत्र्यांबद्दल मात्र मी कधी काही शिकवलं नाही. पाठ्यपुस्तकात नव्हतंच ते. आणि आता, निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी, त्याच कुत्र्यांमुळे मला पुन्हा दुसऱ्या चार्ल्सच्या दारात जावं लागलं आहे.

झालं असं की खारघरला लेकीच्या घरी कुत्रा आणायचं घाटतं आहे. नात दहा वर्षांची, तिचा हट्ट. तिला लांब कानांचा, मऊ केसांचा, मांडीवर मावेल असा स्पॅनियलच हवा. धाकट्या नातवाची छाती मात्र पावसाळ्यात भरते, घरात इनहेलर असतो. जावईबापूंनी मोबाईलवर एक जाहिरात शोधून काढली. स्पॅनियल आणि पूडल यांचा क्रॉस, "आजार नाही, केस गळत नाहीत, अ‍ॅलर्जी होत नाही", किंमत ६० हजार रुपये. लेकीला धास्ती, की कुत्र्यामुळे पोराचा दमा वाढला तर पिल्लू परत द्यावं लागेल आणि मग लेकीची समजूत कोण काढणार? नात मला म्हणाली, "आजी, तू इतिहासाची टीचर ना? मग याचा इतिहास शोध."

शोधला. तोच आज इथे मांडते आहे.

स्पॅनियल हे नाव स्पेनवरून आलं असं मानतात. मुळात ही शिकारीची जात. झुडपात दडलेले पक्षी उठवायचे, मारलेले पक्षी आणून द्यायचे. कॉकर स्पॅनियलमधलं कॉकरही वुडकॉक नावाच्या पक्ष्यावरून आलेलं. यातल्याच अगदी छोट्या चणीच्या कुत्र्यांना बड्या घरच्या बायकांनी मांडीवर घेतलं. जॉन कायस नावाच्या इंग्रज वैद्याने १५७० साली कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक पुस्तिका लिहिली. त्यात तो सांगतो, की हा छोटा स्पॅनियल पोटाशी धरला तर पोटदुखीला आराम पडतो. थोडक्यात काय, तर केसाळ शेकपिशवी! पण एका अर्थी तेव्हापासून या कुत्र्याचं काम ठरलं ते ठरलंच. माणसाला बरं वाटेल असं वागायचं.

दुसऱ्या चार्ल्सला या छोट्या स्पॅनियलचं विलक्षण वेड. जॉन एव्हलिन नावाच्या दरबारी गृहस्थाने लिहून ठेवलं आहे, की राजाच्या शयनगृहात कुत्र्या व्यायच्या, पिल्लांना पाजायच्या, आणि त्यामुळे सगळ्या दरबारात घाण आणि दुर्गंधी असे. सॅम्युएल पीप्स हा आरमारखात्यातला अधिकारी आणि प्रसिद्ध रोजनिशीकार. सप्टेंबर १६६७ मध्ये त्याने नोंद केली, की राज्याची कामं चालू असताना राजा सगळा वेळ कुत्र्याशी खेळत बसला होता, कामाकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्यानंतर सातच महिन्यांनी, मार्च १६६८ मध्ये, मुंबईच्या सनदेवर मोहोर उठली. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडत नाही. पण मुंबईचा ताबा घ्यायला पाठवलेले चारशेच्या वर सैनिक पोर्तुगिजांच्या आडमुठेपणामुळे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकले होते, रोगराईने आणि उपासमारीने मेले, त्यांचा सेनापतीही तिथेच गेला, आणि जेमतेम शंभराच्या आसपास माणसं उरली. ते आठवलं की राजाच्या त्या खेळण्याचं फारसं कौतुक वाटत नाही मला.

(या जातीच्या कुत्र्याला इंग्लंडमध्ये कुठेही, अगदी पार्लमेंटातसुद्धा, शिरायची मुभा देणारा कायदा चार्ल्सने केला होता असं इंटरनेटवर जागोजाग लिहिलेलं आढळेल. असा कायदा अजून कोणाला सापडलेला नाही. माझ्या वर्गात हे कोणी लिहिलं असतं तर अर्धा गुण कापला असता.)

आता गोष्टीचा महत्त्वाचा भाग. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात कुत्र्यांची प्रदर्शनं सुरू झाली आणि कुत्रा कसा वागतो यापेक्षा कसा दिसतो याला मोल आलं. चपट्या नाकाची फॅशन होती. पाहता पाहता किंग चार्ल्स स्पॅनियलचं नाक आत गेलं, डोकं घुमटासारखं झालं. जुन्या तैलचित्रातला लांब नाकाचा स्पॅनियल प्रत्यक्षात उरलाच नाही. रॉझवेल एल्ड्रिज नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाला हे खटकलं. १९२६ च्या क्रफ्ट्स या प्रदर्शनात त्याने बक्षीस लावलं. चार्ल्सच्या काळातल्या चित्रात दिसतो तसा स्पॅनियल आणा आणि २५ पौंड न्या! दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, हौशी मंडळींनी क्लब काढला. अ‍ॅन्स सन नावाचा एक कुत्रा समोर ठेवला, जोडीला जुन्या चित्रांच्या प्रती ठेवल्या, आणि जात कशी असावी त्याचे नियम लिहून काढले. हाच तो कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनियल. १९४५ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

म्हणजे बघा, राजाच्या नावाची ही जात प्रत्यक्षात शंभर वर्षांचीही नाही! मोजक्या कुत्र्यांपासून ती घडवली, त्यात दुसऱ्या महायुद्धात कुत्र्यांना खायला घालणंही अवघड झालं आणि पाळणाऱ्यांचे कळप आणखी आटले. मग उरलेल्यांतच लग्नं. आपल्याकडे सगोत्र विवाह टाळतात, तिथे मुद्दाम जवळच्या नात्यातच जोड्या जमवायच्या, कारण कान, रंग, नाक सगळं हुबेहूब तसंच यायला हवं. आपल्या कोकणातल्या हापूसचं उदाहरण घ्या. कलमावर कलम बांधत गेलो म्हणून प्रत्येक फळ हापूसच निघतं, पण म्हणूनच एका झाडाला जो रोग मानवतो तो साऱ्या बागेला मानवतो. कुत्रा काही कलम नव्हे, तरी मुद्दा कळावा.

कॅव्हेलिअरच्या बाबतीत तो रोग हृदयाचा आहे. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप हळूहळू जाड होते, नीट मिटत नाही, रक्त उलटं गळतं. डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून ती फुसफुस ऐकू येते. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांना हा आजार होतोच, पण कॅव्हेलिअरमध्ये पाच वर्षांच्या सुमारास निम्म्या कुत्र्यांत ती फुसफुस सापडते आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांत. दुसरा आजार कवटीचा. मेंदूला मागच्या बाजूला जागा अपुरी पडते, मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या तयार होतात आणि कुत्रा मानेजवळची हवा खाजवत राहतो. बघणाऱ्याला गंमत वाटते, त्याला मात्र वेदना होत असतात.

नॉर्वेत हे प्रकरण न्यायालयात गेलं. प्राणिरक्षण संस्थेने खटला भरला, जानेवारी २०२२ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कॅव्हेलिअरची अशी पैदास करणं प्राणिकल्याण कायद्याच्या विरुद्ध आहे. कुत्री पाळायला बंदी नाही, आजारी वंश वाढवत राहायला आहे. संस्थेचं म्हणणं असं, की शुद्धतेचा अट्टहास सोडा आणि विचारपूर्वक दुसऱ्या जातीशी संकर करा.

हे वाचलं आणि मला वाटलं, चला, जावईबापूंची जाहिरात बरोबरच आहे की! क्रॉस म्हणजे निरोगी. पण मंडळी, ते इतकं सरळ नाही.

संकराची हौसही आता जुनी झाली. कॉकर आणि पूडल यांची जोडी अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. पण खरी लाट आली ती १९८९ नंतर, आणि तिची कथा आमच्या घरच्या प्रश्नाशी थेट जुळते. ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन हे अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत काम करत. हवाई बेटावरच्या एका अंध बाईला कुत्रा हवा होता, पण तिच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी. कॉनरननी लॅब्राडॉर आणि पूडलची जोडी लावली. एका वेतात तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ तपासायला पाठवली, तर त्या नवऱ्याला चालेल असं एकच निघालं. सख्ख्या तीन भावंडांत एक! जाहिरातवाल्यांनी या गोष्टीतलं "चाललं" एवढंच उचललं, "एकच" सोडून दिलं. पुढे लोकांनी वाटेल त्या कुत्र्याशी पूडल जोडून पैसा करायला सुरुवात केली, तेव्हा २०१९ मध्ये खुद्द कॉनरननी या सगळ्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला.

अ‍ॅलर्जी नुसत्या गळणाऱ्या केसांनी होत नाही. ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांनी होते. अमेरिकेत २०११ मध्ये घराघरांतली धूळ तपासून पाहिली, तर तथाकथित बिनअ‍ॅलर्जीच्या जातींच्या घरांत आणि इतर घरांत फरक आढळला नाही. तेव्हा नातवासाठी जातीचं नाव उपयोगाचं नाही. त्याला त्याच कुत्र्याच्या सहवासात, पुन्हा पुन्हा, तासन् तास बसवून पाहणं हाच मार्ग, आणि तोही छातीच्या डॉक्टरांना विचारून. लेकीला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे आधी त्याचं, मग कुत्र्याचं." बरोबर आहे तिचं.

आणि कुत्र्याच्या तब्येतीचं? लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने २०२४ मध्ये ९,४०२ कुत्र्यांची माहिती तपासली. कॉकर, लॅब्राडॉर आणि कॅव्हेलिअर यांचे पूडलशी झालेले संकर एका बाजूला, त्यांच्या मूळ जाती दुसऱ्या बाजूला, आणि ५७ आजार. ८६.६ टक्के तुलनांमध्ये फरकच नाही! उरलेल्यांत काही आजार संकरात जास्त, काही कमी, साधारण सारखेच.

असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. काही आजार असे असतात, की आई आणि बाप दोघांकडूनही सदोष अंश आला तरच होतात. पूडलमध्ये आणि कॉकरमध्ये डोळ्याच्या पडद्याचा असा एक आजार आहे. एक बाजू निर्दोष असेल तर पिल्लू वाचतं. तिथे संकराचा फायदा खरा. पण दोन्ही जातींत तोच दोष असेल तर क्रॉस केल्याने काय होणार? आणि झडपेच्या आजाराचं गणित वेगळं. तो एका अंशाने होत नाही, अनेक अंशांची बेरीज असते. कॅव्हेलिअर आईकडून निम्मी बेरीज पिल्लाकडे येतेच. शिवाय पूडलच्या छोट्या प्रकारात गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास असतो, तो तिकडून येऊ शकतो. आई-बाप निरोगी असतील तर संकराचा आधार मिळतो. दोघेही आजारी असतील तर नुसतं नाव नवीन.

आपल्याकडे हे नाव नवीन करायचं प्रकरण आपण एकदा पाहिलं आहे. आठवतं का, २००३ च्या सुमाराला टीव्हीवर हच कंपनीची जाहिरात लागायची? छोट्या मुलाच्या मागे मागे फिरणारा पग. त्यानंतर पनवेलच्या प्रत्येक नव्या सोसायटीत एक तरी "हचवाला कुत्रा" दिसायला लागला. आमच्या शेजारच्या विंगमध्ये दोन होते. मे महिन्यात जिने चढताना त्यांचा घोरल्यासारखा श्वास वरच्या मजल्यापर्यंत ऐकू यायचा आणि लोक कौतुकाने हसायचे. चपट्या नाकामुळे त्यांना श्वास पुरत नव्हता, हे कोणी बोललं नाही. २०१६ मध्ये सरकारने व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्रे आणायला मनाई केली. हेतू चांगलाच होता. पण ज्यांना धंदाच करायचा, ते इथे असलेल्या थोड्या कुत्र्यांतच पुन्हा पुन्हा जोड्या लावत राहणार, हे उघड आहे.

मला विचाराल तर माझं मत गावठी कुत्र्याच्या बाजूने. दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या रथावर, बैलांच्या मागे दांड्यावर एक कुत्रा उभा आहे. साडेतीन-चार हजार वर्षं झाली त्याला. खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, दत्तगुरूंच्या भोवती चार आहेत, नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्याच्या मागे धावले तोही कुत्राच. यांतल्या एकाचीही जात कोणी विचारली नाही. आणि १८३२ मध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली, आणि पाठोपाठ १८३४ मध्ये भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. पण गावठी म्हणजे आजारच नाहीत असंही कोणी समजू नये. पार्व्हो, डिस्टेंपर, गोचीडताप यांतून वेतातली बरीच पिल्लं जातात, आपल्याला वाचलेली तेवढी दिसतात. असो. नातीने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि "आजी, पण त्याचे कान लांब नसतात," असं सांगितलं. विषय संपला.

मग ठरलं, स्पॅनियलचा क्रॉसच घ्यायचा असेल तर विकणाऱ्याला काय विचारायचं ते तरी ठरवू. नातीने वहीत लिहून घेतलं. आई दाखवा, आणि ती राहते त्याच जागी दाखवा. आई-बापाच्या हृदयाची तपासणी कोणत्या वयात झाली? इंग्लंडात जाणकार मंडळी कॅव्हेलिअरची जोडी लावण्याआधी आई-बाप अडीच वर्षांच्या वर आणि तपासणीत निर्दोष हवेत, आणि आजी-आजोबांचं हृदय पाचव्या वर्षीही स्वच्छ हवं, असा नियम पाळतात. कारण झडपेचा आजार उशिरा कळतो. दीड वर्षाच्या मादीचं हृदय चांगलं आहे, या कागदाला फारसा अर्थ नाही. डोळ्यांची आणि गुडघ्यांची तपासणी झाली का? क्रॉस आहे तो स्पॅनियल आणि पूडल यांचा, की क्रॉसशी क्रॉस? पिल्लू आठ आठवड्यांचं झालं का? २०१७ च्या नियमांप्रमाणे त्याआधी विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते.

पुढचं काम घरचं. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लांब, झाकलेले, केसाळ कान म्हणजे बुरशीला आमंत्रण, ते दर आठवड्याला उलटून, पुसून, कोरडे ठेवायचे. गाढी नदीला पाणी चढलं की साचलेल्या पाण्यातून फिरवायचं नाही, लेप्टोची लस चुकवायची नाही. रेबीजची तर नाहीच नाही. पूडलचे केस गळत नाहीत म्हणजे ते गुंततात, रोज विंचरायचे. आणि चपातीचे तुकडे टाकून त्याला गोलमटोल करायचं नाही, कारण वजन वाढलं की त्याचा भार त्याच हृदयावर. (हे शेवटचं मी जावईबापूंना उद्देशून लिहिलं आहे, ते वाचतात.) शंका आली तर परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहेच.

जाहिरातवाल्याला प्रश्न पाठवले, त्याने बापाचा एक फोटो पाठवला आणि "आज बुक केलं तर ५५ हजार" असं लिहिलं. आईचा फोटो मागितला, तर उत्तर नाही. दुसऱ्याने आईचं वय चौदा महिने सांगितलं. तिसऱ्या बाई पुण्याच्या आहेत. मादी सव्वातीन वर्षांची, हे तिचं पहिलंच वेत, पिल्लं अजून डोळे उघडायची आहेत म्हणाल्या. हृदयाच्या तपासणीचा कागद पाठवते म्हणाल्या आहेत आणि मुलाला घेऊन दोन-तीनदा येऊन बसा, असं त्यांनी आपणहून सुचवलं. रविवारी सकाळच्या गाडीने चौघं जाणार आहेत, इनहेलर घेऊन.